हलकं फ्लायव्हील : पिकअप किती मिळतो आणि आराम किती जातो

या वेळी एकाच पार्टवर इतके प्रश्न आलेत की बाकीची सगळी पत्रं पुढच्या अंकावर ढकलावी लागली. पार्ट आहे फ्लायव्हील. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, टोकाला बोल्टांनी आवळलेली जड लोखंडी चकती, जिच्या तोंडावर क्लच बसतो आणि जिच्या कडेच्या दात्यांना धरून स्टार्टर इंजिन फिरवतो. ती हलकी केली तर गाडी पळते का, हाच सगळ्यांचा प्रश्न. एकेक पत्र घेतो.

प्रश्न : सर, माझी चार सिलिंडरची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे. क्लच प्लेट संपलीय त्यामुळे गिअरबॉक्स उतरवायचाच आहे. मेकॅनिक म्हणतो एवढं खोलतोच आहोत तर फ्लायव्हील लेथवर मारून ८ किलोचं ४ किलो करून घ्या, गाडी उडेल. मित्र म्हणतो चौकाचौकात बंद पडेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघांनीही थोडं वाढवून सांगितलंय. आधी एक गोष्ट पक्की धरा, फ्लायव्हील हलकं केल्याने इंजिनची ताकद जराही वाढत नाही. पेट्रोल तेवढंच जळतं, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तेवढाच तयार होतो. बदलतं काय, तर इंजिनला स्वतःचा वेग वाढवताना ही जड चकतीही सोबत फिरवत न्यावी लागते, त्यात थोडा टॉर्क खर्ची पडतो, चकती हलकी झाली की तो खर्च कमी होतो आणि वाचलेला टॉर्क चाकांकडे जातो. पण हे फक्त वेग वाढत असतानाच. ऐंशीच्या स्पीडला पाय स्थिर ठेवून चाललाय तेव्हा फ्लायव्हील ४ किलोचं असो नाहीतर १४, गाडीला त्याचं काही देणंघेणं नाही.

आता किती वाचतो ते बघू, इथे आकडे टाकल्याशिवाय गंमत कळत नाही म्हणून थोडं गणित सहन करा. तुमची चकती ८ किलोची, त्रिज्या १३ सेंटीमीटर आणि जाडी सगळीकडे सारखी धरू. मग तिची इनर्शिया, म्हणजे फिरण्यातलं जडत्व, येतं वजनाच्या निम्मे गुणिले त्रिज्येचा वर्ग, साधारण ०.०६८ किलो चौरस मीटर. ४ किलो उतरवले तर त्यातली निम्मी गेली, ०.०३४. आकडा एवढासा दिसतो, पण चाकाच्या बाजूने बघितलं की तो गिअर रेशोच्या वर्गाने वाढतो, कारण पहिल्या गिअरला चाक एक फेरा घेतं तेवढ्यात इंजिनचे चौदा-पंधरा फेरे होतात. पहिला गिअर ३.५, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचा शेवटचा रेशो) ४ आणि टायरची त्रिज्या ३० सेंटीमीटर धरली तर ते उतरवलेले ४ किलो पहिल्या गिअरमध्ये जवळपास ७४ किलोंच्या बरोबरीचे होतात. म्हणजे गाडीतून एक धडधाकट माणूस खाली उतरवल्यासारखं. दुसऱ्याला २ चा रेशो धरला तर २४ किलो. तिसऱ्याला १२, चौथ्याला ६ आणि पाचव्याला ४ च्याही आत, म्हणजे लिटरच्या चार पाण्याच्या बाटल्या डिकीतून काढल्या एवढंच. पाचव्यात ओव्हरटेक करताना फरक जाणवेल असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

तुमची गाडी माणसांसकट ११०० किलो धरली आणि चाकं, क्रँक असे बाकीचे फिरते भागही हिशेबात घेतले तर पहिल्या गिअरला फायदा होतो ५ टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्याला २ आणि पुढे १ किंवा त्याच्याही खाली. पहिला गिअर टिकतो किती, तीन-चार सेकंद. सगळं जोडलं तर शून्य ते शंभरमध्ये दोन-तीन दशांश सेकंद वाचतील आणि तेही गिअर अगदी वेळेवर पडले तर.

मग ज्याने ज्याने बसवलं तो एवढा खूश का असतो? कारण गॅरेजमध्ये गाडी न्यूट्रलला उभी करून रेस दिली जाते. तिथे गाडीचं वजन मधे येतच नाही, फक्त क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच फिरत असतात, आणि त्या सगळ्यात सर्वात मोठा वाटा फ्लायव्हीलचाच असतो, म्हणून काटा एकदम वर उडतो आणि तसाच खाली पडतो. कानाला आणि पायाला तो फरक फार मोठा वाटतो आणि तो खोटाही नाही. लेक्सस एलएफएचं व्ही१० इंजिन आयडलवरून, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असतानाच्या वेगावरून, ९००० आरपीएमला ०.६ सेकंदात जायचं, इतकं झटपट की काट्याचा मीटर मागे पडेल म्हणून कंपनीने त्यात डिजिटल मीटर दिला होता. तसं इंजिन ऐकताना अंगावर काटा येतो, मला आजही येतो. पण उभ्या गाडीत रेस चढणं वेगळं आणि ११०० किलो ओढत रस्त्यावर वेग घेणं वेगळं, हे दोन वेगळे ठेवूनच निर्णय घ्या.

आता मित्राची बाजू. पायाने चालवायचं शिलाई मशीन कोणाकडे बघितलं असेल तर आठवा, उजव्या हाताला ते जड चाक असतं. पाय दाबल्यावर जोर लागतो तो काही क्षणच, मधे एक जागा अशी येते की पायाचा काही उपयोग होत नाही, तिथून सुई पुढे नेतं ते चाकच. इंजिनातही तेच चालतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर १८० अंशांना एक धमाका होतो, ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७. तीन सिलिंडरला हेच अंतर २४० अंशांचं, म्हणजे सेकंदाला २०च, आणि एका सिलिंडरचा ढकलण्याचा जोर जेमतेम १८० अंशच पुरतो, त्यामुळे मधे असा तुकडा येतो जिथे कोणीच ढकलत नसतं आणि उलट पुढचं सिलिंडर हवा दाबायला ताकद मागत असतं. ती मधली वेळ फ्लायव्हील मारून नेतं. तुमचं चार सिलिंडरचं आहे म्हणून थोडी मोकळीक आहे, तीन सिलिंडरवाल्यांनी हात लावण्याआधी दोनदा विचार करावा.

आणि सगळ्यात मोठा फरक पडतो गाडी जागेवरून उचलताना. १५०० आरपीएमला तुमच्या ८ किलोच्या चकतीत साधारण ८३० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ११०० किलोची गाडी शून्यावरून ताशी ४ किलोमीटरला न्यायला लागतात साधारण ६८०. दोन्ही आकडे शेजारी ठेवा म्हणजे क्लच सोडताना काय होतं ते लक्षात येईल, ती पहिली दोन-तीन फुटांची हालचाल इंजिन एकटं करत नाही, फ्लायव्हील आपल्या गंगाजळीतून बराच भाग देतं, म्हणून क्लच थोडा चुकला तरी गाडी सांभाळून घेते. चकती ४ किलोची झाली की तिथे ४१५ ज्यूलच उरतात, मग तेवढीच साथ मिळवायला तुम्हाला २१०० आरपीएमपर्यंत रेस द्यावी लागते किंवा क्लच जास्त वेळ घासत ठेवावा लागतो. नवीन टाकलेली क्लच प्लेट कशाने लवकर जाते ते वेगळं सांगायला नको.

माझं मत विचाराल तर, रोज गर्दीत चालवत असाल, घरातली अजून दोन माणसं ती गाडी वापरत असतील, तर वजनाला हात लावू नका. फक्त क्लच बसतो तो तोंडाचा भाग साफ आणि सपाट करून घ्या. आणि खरंच मोकळ्या वळणावळणाच्या रस्त्यावर एकट्याने चालवायचा शौक असेल तर ८ चं साडेसहा करा, त्याहून खाली जाऊ नका, आणि ते दीड किलोही मागच्या, म्हणजे इंजिनकडच्या बाजूने, बाहेरच्या कडेजवळून काढा. हे महत्त्वाचं आहे, कारण १३ सेंटीमीटरवरचा एक किलो हा साडेसहा सेंटीमीटरवरच्या चार किलोंइतका भारी असतो. मधल्या भागाला भोकं पाडून वजन कमी केल्याचं समाधान मिळतं, पिकअपला काही मिळत नाही आणि चकती मात्र कमजोर होते. मेकॅनिकला किती किलो काढणार एवढंच विचारू नका, कुठून काढणार तेही विचारा.

प्रश्न : ताकद वाढत नाही असं तुम्ही मागेही एकदा लिहिलं होतं. पण आमच्या ट्युनरने डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, गाडी लावून दाखवली, हलक्या फ्लायव्हीलने चाकावर ४ एचपी वाढले. हे कसं?

उत्तर : डायनो खोटं सांगत नाहीये, तो कशाचं उत्तर देतोय ते बघा. बरेच डायनो जड रोलर फिरवायला लावतात आणि रोलरचा वेग किती पटकन वाढला त्यावरून ताकद काढतात. वेग वाढत असताना इंजिनची थोडी ताकद स्वतःचंच फ्लायव्हील फिरवण्यात जाते, ती रोलरपर्यंत पोचतच नाही, म्हणून फ्लायव्हील हलकं केलं की रोलरला जास्त मिळालेली दिसते. त्याच गाडीला एका आरपीएमवर धरून ठेवून मोजणाऱ्या डायनोवर लावा, दोन्ही वेळा आकडा सारखाच येईल. किंवा त्याच डायनोवर खालचा आणि वरचा गिअर टाकून दोन रन घ्या, फायदा वरच्या गिअरला कमी होताना दिसेल. इंजिनची ताकद खरंच वाढली असती तर ती गिअर बदलल्यावर कमी झाली नसती.

प्रश्न : दादा, मी मागच्या महिन्यात सेकंड हँड गाडी घेतली, आधीच्या मालकाने तिच्यात ॲल्युमिनियमचं रेसिंग फ्लायव्हील आणि वेगळा क्लच टाकलाय. सिग्नलला सुटताना बंद पडते, एसी लावला की उभी गाडी थरथरते, पहिल्या गिअरवर हळू चालवताना नुसते गचके बसतात आणि अधूनमधून चेक इंजिनचा दिवाही लागतो. चालवायला येत नाही असं घरचे म्हणतात. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : नाही ताई, तुमचं काही चुकत नाहीये. मी स्वतः यातून गेलोय म्हणून खात्रीने सांगतो. माझ्या पहिल्या गाडीचं फ्लायव्हील मी लेथवर मारून साडेसातचं साडेचार किलो करून घेतलं होतं. रात्री रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ती गाडी इतकी गोड चालायची की उतरू नये वाटायचं. पण दिवसा गर्दीत डावा पाय भरून यायचा. एकदा चढावर पुढे ट्रक थांबला, मागे गाडी चिकटलेली, आत चार माणसं. क्लच नेहमीच्या जागेला सोडला आणि इंजिन दोन ठोके देऊन गप्प, परत स्टार्ट केली, परत गप्प, तिसऱ्यांदा हँडब्रेक ओढून अडीच हजारावर रेस धरली तेव्हा कुठे हलली, आणि जळलेल्या क्लचचा तो उग्र वास काचा उघडूनही बराच वेळ गेला नाही. पुढच्या क्लचच्या वेळी मी स्टँडर्ड फ्लायव्हील परत बसवलं आणि आजपर्यंत पश्चात्ताप झालेला नाही.

तुमच्या गाडीत एकेक गोष्ट तपासत जा. सगळ्यात आधी क्लच प्लेट कुठली आहे ते बघायला लावा. साध्या प्लेटच्या मधोमध स्प्रिंगा असतात, त्या इंजिनचे बारीक झटके गिळतात. रेसिंगवाल्या काही प्लेट बिनस्प्रिंगच्या असतात आणि त्यांना पूर्ण गोल लायनिंगऐवजी चार-सहा पाकळ्या असतात, त्या एकतर पकडतात नाहीतर सोडतात, मधलं काही नसतं. मला वाटतं तुमचे निम्मे गचके या प्लेटचेच असतील. फ्लायव्हील तसंच ठेवून नुसती स्प्रिंगवाली ऑरगॅनिक, म्हणजे साध्या लायनिंगची, प्लेट टाकली तरी गाडी बरीच माणसात येईल.

दुसरं, आयडल. एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की इंजिनवर एकदम बोजा येतो, जड फ्लायव्हील तो धक्का पोटात घेतं आणि तेवढ्यात ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, थ्रॉटल (हवेची झडप) उघडून सावरतो. हलक्या फ्लायव्हीलला तेवढी उसंत मिळत नाही, आरपीएम पडतं, मग ईसीयू जास्त उघडतो, मग चढतं, असा झोका सुरू होतो. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, इंजिन माउंटिंग खचलेली नाहीत ना बघा, आणि ट्युनिंग करणारा माहितीतला असेल तर आयडल ८०० वरून ९००-९५० ला घ्यायला सांगा. त्याने खूप फरक पडतो.

तिसरं, तो दिवा. बऱ्याच गाड्यांत क्रँकवर ६० दात्यांपैकी २ गाळलेली चकती असते, तिचे दाते सेन्सरसमोरून किती सारख्या वेगाने जातात यावर ईसीयू लक्ष ठेवतो, एखाद्या धमाक्यानंतर वेग कमी भरला की तो समजतो की त्या सिलिंडरचा ठोका चुकला. हलक्या फ्लायव्हीलने क्रँकचा वेग मुळातच जास्त खालीवर होतो, त्यामुळे सगळं नीट असतानाही मिसफायरचा कोड येऊ शकतो. पण म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करू नका हं, स्कॅनर लावून कोड वाचा, प्लग आणि कॉइल तपासा आणि ते सगळं चांगलं निघालं तरच फ्लायव्हीलला दोष द्या. खरा मिसफायर असेल तर न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं.

तोपर्यंत चालवताना आधी रेस १८००-२००० वर नेऊन धरा, मग क्लच पकडीच्या जागेला आणा, गाडी हलली की लगेच पूर्ण सोडू नका, एक क्षण तिथेच थांबा. गिअर वर टाकताना मात्र रमतगमत टाकू नका, कारण पाय उचलला की आरपीएम पटकन पडतं आणि उशीर झाला की क्लच सोडताना हिसका बसतो. खाली गिअर टाकताना उलट हेच फ्लायव्हील मदतीला येतं, रेसची हलकीशी टिचकी दिली की आरपीएम लगेच जुळतं. महिनाभर असं चालवून बघा. त्यानंतरही जीव मेटाकुटीला येत असेल तर स्टँडर्ड फ्लायव्हील बसवा. २०१६ च्या पोर्शे ९११ आर सारख्या गाडीतसुद्धा कंपनीने हलकं सिंगल मास (एकाच चकतीचं) फ्लायव्हील ऑप्शन म्हणूनच ठेवलं होतं, सरसकट सगळ्यांना दिलं नव्हतं. ज्यांना हवंय त्यांनीच घ्यावं अशी ती वस्तू आहे, आणि ती नको वाटणं म्हणजे चालवता न येणं नव्हे, हे घरच्यांनाही वाचून दाखवा.

प्रश्न : डिझेल गाडी आहे, ड्युअल मास फ्लायव्हील खडखडायला लागलंय. गॅरेजवाला म्हणतो ते काढून टाका, सिंगल मास किट टाकतो, स्वस्त पण पडेल आणि हलकं असल्यामुळे पिकअप पण येईल. टाकू का?

उत्तर : पिकअपच्या आशेने तर अजिबात नको. ड्युअल मासमध्ये दोन चकत्या असतात, एक इंजिनकडे, एक गिअरबॉक्सकडे आणि मधे वाकवलेल्या लांब स्प्रिंगा. डिझेलचे धमाके पेट्रोलपेक्षा जास्त जोराचे, त्यात टर्बो, त्यात कमी आरपीएमला भरपूर टॉर्क, तो सगळा दणका त्या स्प्रिंगा खातात आणि गिअरबॉक्सला बऱ्यापैकी गुळगुळीत फिरणं मिळतं. १९८० च्या दशकात हे गाड्यांत आलं आणि त्यामुळेच डिझेल गाडी हजार-बाराशे आरपीएमला वरच्या गिअरमध्ये न कुरकुरता चालायला लागली.

ते काढून सिंगल मास टाकलं की दणका थेट पुढे जातो. न्यूट्रलला गाडी उभी असताना गिअरबॉक्समधून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, १५०० च्या खाली ओढायला गेलात तर आख्खी गाडी गुरगुरते. आवाज एकवेळ सहन करू हो, पण काही इंजिनांत क्रँक आणि गिअरबॉक्सची बेअरिंगं ड्युअल मास गृहीत धरूनच बनवलेली असतात, तिथे हे प्रकरण महागात जाऊ शकतं. तुमच्याच इंजिनासाठी नावाजलेल्या मेकरचं सिंगल मास किट असेल, त्यात जास्त फिरणाऱ्या स्प्रिंगांची क्लच प्लेट असेल, आणि गाडी जास्त करून हायवेवर बोजा ओढत असेल तर लोक वापरतात, मी नाही म्हणणार नाही. घरची आरामात चालवायची गाडी असेल तर ड्युअल मासच टाका. आणि त्याआधी ते खरंच गेलंय का ते मोजून घ्या. दोन चकत्यांमधला फिरता प्ले आणि डुलणं किती चालतं याचे आकडे प्रत्येक मॉडेलचे ठरलेले असतात, थोडा प्ले नव्या ड्युअल मासमध्येही असतोच. इंजेक्टर खराब असेल तरी असाच खडखडाट येतो आणि नवीन फ्लायव्हील टाकूनही जात नाही.

प्रश्न : ओरिजिनल फ्लायव्हील लेथवर मारून घेणं धोक्याचं असतं म्हणतात, फुटतं म्हणे. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, आणि यावर मला जरा कळकळीने लिहायचंय. ७००० आरपीएमला १४ सेंटीमीटर त्रिज्येच्या चकतीची कडा ताशी जवळपास ३७० किलोमीटरने पळत असते, आणि ती तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर असते. चकतीला बाहेर फाडणारा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ३५०० ला जेवढा त्याच्या चौपट ७००० ला. बहुतेक स्टँडर्ड फ्लायव्हील कास्ट आयर्नची असतात. कास्ट आयर्न दाब चांगला सोसतं, ताण कमी सोसतं, आणि तुटताना आधी वाकून इशारा देत नाही, सरळ तडकतं. तुकडा सुटला तर बेल हाऊसिंगची, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीच्या आवरणाची, पातळ ॲल्युमिनियमची भिंत त्याला अडवेलच असं नाही. म्हणूनच ड्रॅग रेसिंगमध्ये एसएफआय १.१ असा फ्लायव्हील-क्लचचा वेगळा सुरक्षा दर्जा आहे आणि वेगवान गाड्यांना त्याभोवती जाड पोलादी कवच लागतं.

त्यामुळे खूप हलकं हवं असेल तर कास्ट आयर्न खरवडत बसू नका, क्रोमोली स्टीलच्या अखंड गोळ्यातून कापलेलं तयार फ्लायव्हील घ्या. ॲल्युमिनियमचं त्याहून हलकं मिळतं, पण त्याच्या तोंडावर स्टीलची बदलता येणारी चकती बसवलेली असावी लागते, कारण ॲल्युमिनियमवर क्लच घासला तर ते टिकणारच नाही. आणि हलकं म्हणजे तापायलाही लवकर, क्लच घासून जी उष्णता होते ती प्यायला लोखंडच कमी उरतं. तोंडावर निळसर डाग आणि केसासारख्या बारीक रेषा दिसल्या तर समजायचं ते भाजलंय. रेषा कडेपर्यंत किंवा बोल्टच्या भोकापर्यंत गेली असेल तर ते परत बसवायचं नाही, विषय संपला.

स्टँडर्ड थोडंसंच उतरवायचं असेल तर क्रँकचे बोल्ट बसतात तो मधला भाग, प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोल्टांची जागा आणि दात्यांची रिंग ज्या कठड्यावर गरम करून बसवलेली असते तो कठडा, या तिघांना हात लावायचा नाही. क्लचच्या तोंडाकडून पट्टा मारला आणि प्रेशर प्लेटची बसायची जागा वेगळ्या पातळीवर असेल तर तिथूनही तेवढंच काढावं लागतं, नाहीतर क्लचचा दाब बदलतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून घसरतो. काम झाल्यावर बॅलन्सिंग मशीनवर लावल्याशिवाय बसवू देऊ नका, प्रेशर प्लेटही सोबत न्या. काही इंजिनांत क्रँकचं संतुलन साधणारं वजन फ्लायव्हीलवरच असतं, माझदाच्या रोटरी इंजिनात तर हलकं फ्लायव्हील टाकताना वेगळा काउंटरवेटच (संतुलनाचं वजन) लावावा लागतो. तसं असेल तर नुसतं गोल बॅलन्स करणं चूक ठरेल, हे करणाऱ्याला माहिती आहे का ते आधी विचारा. बोल्ट नवे घ्या, कारण बऱ्याच गाड्यांचे एकदाच आवळायचे असतात. मागचं ऑइल सील याच वेळी बदला.

प्रश्न : माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, मला हे करता येईल का?

उत्तर : टॉर्क कन्व्हर्टरवाली असेल तर नाही. तिथे पातळ फ्लेक्सप्लेट असते आणि फ्लायव्हीलचं काम तेलाने भरलेला कन्व्हर्टरच करतो, काढायला काही शिल्लकच नाही.

प्रश्न : फ्लायव्हील उघडायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो म्हणून त्याऐवजी पुढची क्रँक पुली हलकी टाकली तर? ती अर्ध्या तासात बदलते.

उत्तर : अर्ध्या तासात बदलते म्हणूनच लोक फसतात. बऱ्याच गाड्यांत ती नुसती पुली नसते, आत रबराचा थर असतो, तो क्रँकला पीळ बसून होणारं कंपन मारतो. सगळी ॲल्युमिनियमची पुली टाकली की तो डॅम्पर गेला. त्याचा आवाज येत नाही, गचके येत नाहीत, पण क्रँक आतल्या आत थकत जातो. शिवाय तिची त्रिज्या कमी असते म्हणून वाचणारी इनर्शियाही किरकोळच. फ्लायव्हील हलकं करायचंच असेल तर पुढचा डॅम्पर चांगल्या स्थितीत असणं अजूनच गरजेचं होतं, रबर सुटलंय का ते बघून घ्या.

प्रश्न : मी स्टीलचं तयार हलकं फ्लायव्हील बसवतोय, सगळा विचार करून. काढलेलं जुनं भंगारात देऊ का?

उत्तर : देऊ नका. गाडी विकताना घेणाऱ्याला जुनंच हवं असतं आणि कदाचित तुम्हालाही दोन वर्षांनी ते परत हवं वाटेल. काढण्याआधी क्रँक आणि फ्लायव्हील दोघांवर पंचने एकेक ठिपका मारून घ्या म्हणजे परत त्याच कोनात बसेल, सगळ्याच इंजिनांत बोल्टांची भोकं फ्लायव्हील एकाच कोनात बसेल अशी नसतात. नवं आणि जुनं शेजारी ठेवून दात्यांची संख्या, जाडी आणि क्रँक सेन्सरसाठी खाचा असतील तर त्याही मोजून जुळवा, हे सगळं गिअरबॉक्स खाली असतानाच करा. जुनं पेट्रोलने पुसून, तेलाचा हात फिरवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून आडवं ठेवा. उभं टेकवून ठेवलं तर कधीतरी पडतं आणि पडलं की एखादा दाता तुटतो, मग स्टार्टर नेमका तिथेच येऊन अडतो.